अंगठ्यापर्यंतचं माप

वालीवच्या माझ्या फर्निचरच्या गाळ्यात भिंतीवर एक फोटो आहे. आई खुर्चीत बसली आहे, पाठ ताठ, केसांत गजरा, चेहऱ्यावर फोटोपुरतं हसू. खाली मी हौसेने छापून घेतलेली ओळ आहे: ‘आईने पास केलेली खुर्ची’. गिऱ्हाईक आलं की आधी मी त्या फोटोकडे बोट दाखवायचो. आता फोटोकडे पाठ करून बोलतो. तो काढत मात्र नाही. काढला तर विसरणं सोपं जाईल, आणि ते मला सोपं जाऊ नये असं वाटतं.

मी मुळात ऑफिसच्या खुर्च्या बनवणारा. म्हाताऱ्या माणसांच्या फर्निचरकडे वळलो तो आईच्या गुडघ्यांमुळे. पापडीजवळ आमची वाडी आहे. केळी, चाफा आणि मोगरा. मोगऱ्याच्या दिवसांत बाबा आणि गडीमाणसं पहाटे कळ्या खुडतात, आणि सकाळी ओटीवर गोणपाट अंथरून घरच्या आणि शेजारच्या बायका गजरे बांधायला गोल बसतात. आई या घरात सून म्हणून आली तेव्हापासून त्या गोलात बसत आली. केळीच्या सोपटाचा धागा पाण्यात भिजवायचा, त्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, पाय लांब करून धागा ताणायचा आणि कळ्यांच्या जोड्या गाठीत धरत जायचं. अंगठा म्हणजे बायकांचा तिसरा हात. आई बोलता बोलता, प्रसंगी कडाकडा भांडता भांडताही गजरा बांधायची. तिला कळ्यांकडे बघावं लागत नसे.

गुडघे झिजले तशी ती बसायची कशीबशी, पण उठवायला दोन माणसं लागायची. ऑपरेशन तिच्या हृदयाला झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. एकदा कुणाची वाट न बघता ती एकटीच उठायला गेली, तोल गेला आणि कपाळाला खोक पडली. टाके घालून घरी आणल्यावर मी भर ओटीवर जाहीर केलं, ‘‘आजपासून जमिनीवर बसायचं बंद.’’ मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी आवाज चढवतो. हा माझा जुना दोष आहे.

मग मी खुर्चीच्या मागे लागलो. मेजरिंग टेप घेऊन आईची सगळी मापं घेतली. टाचेपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत, कोपराची उंची, कमरेची रुंदी. बैठक नेहमीपेक्षा उंच ठेवली, म्हणजे उठताना गुडघ्यांवर भार येत नाही. हात सागाचे, लांब, पुढे आलेले, धरून उठता येईल असे. त्यांच्या कडा मी अगदी काटकोनात, तासून स्वच्छ ठेवल्या होत्या. दिसायला खुर्ची देखणी होती. आई तिच्यावर बसली आणि कुणाचा हात न धरता उठली. बाबा वाडीतून बघायला आले, शेजारी आले. माझ्या कौतुकाला नुसता पूर आला.

‘‘कशी आहे?’’ मी आईला विचारलं.

‘‘बरी हाय,’’ ती म्हणाली.

आता हे ‘बरी हाय’ नीट समजून घ्यायला हवं. आमच्या घरच्या बोलीत आई भाताला बरा म्हणते, सुनेच्या आमटीला बरी म्हणते आणि अंगात ताप असला तरी तब्येतीलाही बरी म्हणते. शिवाय आमच्या आजीची एक शिकवण होती. पोराच्या हातच्या वस्तूला आईने नाव ठेवू नये, त्याच्या हाताचं यश जातं. लहानपणी मी केळीच्या सोपटाची होडी केली, ती बादलीत घालताच बुडाली, तरी आई ‘बरी हाय’च म्हणाली होती. हे सगळं मला माहीत होतं. आणि इतकं माहीत असून, जिच्या तोंडून खोट निघणं शक्यच नव्हतं तिलाच मी परीक्षक नेमलं. वर डिप्लोमा झालेला माणूस म्हणून मिरवत होतो.

खुर्ची चालली. एकाने बघितली, दुसऱ्याने मागितली. मग पलंगाचे कठडे, कमोडची खुर्ची, आंघोळीचं स्टूल असं एकेक बनवत गेलो. प्रत्येक वस्तू आधी घरी यायची, आई तिच्यावर बसायची, मी विचारायचो आणि ती ‘बरी हाय’ म्हणायची. दुसऱ्या दिवशी माल गाळ्यात सुरू.

खुर्ची ओटीवर बायकांच्या गोलाशेजारी ठेवली होती. पहिले काही दिवस बायकांनी आईच्या मांडीवर सुपात कळ्या दिल्या. पण खुर्चीत बसल्यावर पाय खाली लोंबतो आणि हात वर राहतात. अंगठा गाठायचा कसा? तिने धागा खुर्चीच्या हाताला बांधून बघितला. पण अंगठ्याला जो ताण कमी-जास्त करता येतो तो लाकडाला कुठून येणार? गजरे सैल पडायचे. सैल गजरा बाजारात चालत नाही. माझी धाकटी काकू काही न बोलता ते उसवायची आणि पुन्हा बांधायची. आईला वरून ते दिसायचंच. पुढे तिने सूप मागणं सोडलं आणि नुसती बसू लागली.

काकूची जीभ तिखट. एकदा मी घरात असताना ती म्हणाली, ‘‘वहिनींचं बरं हाय बाई आता, उंटावरून शेळ्या हाकतात.’’ बायका हसल्या. मी तर सगळ्यांत मोठ्याने हसलो. आईसुद्धा हसली. तिचं ते हसू मला आता आठवलं की जेवण गोड लागत नाही.

एका संध्याकाळी ती मला म्हणाली, ‘‘खुर्ची जरा खाली नाय करता यायची?’’

मी फोनवर एका गिऱ्हाइकाला आमचे फोटो पाठवत होतो. मान वर न करता मी तिला बैठकीची उंची, गुडघ्याचा कोन, भार असं सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. खाली केली तर तुला उठता येणार नाही, म्हणालो. तिने ऐकून घेतलं.

‘‘बरं,’’ ती म्हणाली. मी फोटो पाठवले.

नंतर पाचूबंदरहून ऑर्डर आली. उभा जन्म मासळी विकलेल्या एका म्हातारीला खुर्ची हवी होती. तिच्या सुनेने मोबाइलवर आईचा फोटो बघून तीच खुर्ची पसंत केली. मी स्वतः टेंपोतून पोचवायला गेलो. बाहेर बोंबील वाळत होते. म्हातारी खुर्चीत बसली आणि मी सवयीने फोटोसाठी फोन काढला.

‘‘थांब रे बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘फोटो मंगशी. आधी मना बसून तर बगू दे.’’

आणि ती बसली. चांगली वीस मिनिटं. मी चहा प्यायलो, कप खाली ठेवला, तरी ती बसलेलीच. शेवटी तिने खुर्चीच्या हातावरून आपला हात उचलून माझ्यापुढे धरला. मनगटापासून कोपराकडे सरळ लाल रेघ उठली होती.

‘‘ही कोनी पास केली?’’

‘‘माझ्या आईने. ती रोज बसते, मावशी. बरी आहे म्हणते.’’

तिने सुनेकडे बघितलं आणि खो खो हसली. ‘‘अरे, आय कवा पोराच्या वस्तूला वंगाल बोलल काय? माज्या पोरानं सडकं म्हावरं आनलं तरी मी बोलन, चांगला हाय. इचारायचं तर माज्यासारख्या परक्या बाईला इचार.’’ मग हसू थांबवून तिने विचारलं, ‘‘तू सोता किती येल बसलास हिच्यावर?’’

मी बसलो होतो. प्रत्येक खुर्चीवर बसतोच. दोन मिनिटं, फार तर पाच. हे मी तिला सांगितलं नाही. हात बदलून आणतो म्हणालो आणि खुर्ची टेंपोत परत चढवली. रस्ताभर मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो. मासळी विकणाऱ्या बाईने मला खुर्ची शिकवावी, एवढीच मला टोचणी होती.

एरवी मी संध्याकाळी सातच्या सुमारास स्कूटरवरून घरी येतो. त्या दिवशी साडेचारला टेंपोतून आलो. टेंपोचा आवाज आईच्या ओळखीचा नव्हता. मी ओटीची पायरी चढलो तेव्हा ती खुर्चीत बसली होती आणि खुर्चीच्या दोन्ही हातांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या जाड गुंडाळलेल्या होत्या. मला बघून ती दचकली आणि घाईघाईने एका पट्टीची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. तिची बाही वर सरकली तेव्हा मला तिचा हात दिसला. पाचूबंदरच्या मावशीच्या हातावर लाल रेघ होती. आईच्या हातावर काळानिळा पट्टा होता, जुना, त्यावर नवा.

‘‘स्कूटरचा आवाज आला की सोडून ठेवतात,’’ बायको मागून हळूच म्हणाली. ‘‘पहिल्या आठवड्यापासून. मला शपथ घातली होती, तुम्हाला सांगू नको म्हणून.’’

अशा वेळी माणसाने काय करावं? पाय धरावेत. मी ओरडलो. ‘‘सांगितलं का नाहीस? मी काय दुश्मन आहे तुझा? इतक्या लोकांना विकल्या मी ह्या खुर्च्या!’’ आई गाठीशी झटत राहिली. मी ओरडून थांबल्यावर ती म्हणाली, ‘‘तू किती खुशीत व्हतास.’’

दुसऱ्या दिवशी गाळ्यात जाऊन तो फोटो मी पहिल्यांदा नीट बघितला. आईचे दोन्ही हात मांडीवर होते. मी खुर्चीचे हात विकत होतो, आणि ज्या फोटोवर विकत होतो त्यात तिने ते हात धरलेच नव्हते. इतकी वर्षं तो फोटो माझ्या डोक्यावर होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. हात बदलून देतो, म्हणालो. बहुतेकांनी आमचं काही म्हणणं नाही म्हणून सांगितलं, तरी मी जाऊन बदलले. एका घरी मुलाने फोन उचलला. वडील गेले, म्हणाला. ‘‘शेवटपर्यंत तुमच्याच खुर्चीत बसायचे. कधी तक्रार केली नाही.’’ तो माझे आभार मानत होता. मी त्याला कडांबद्दल काही सांगू शकलो नाही. जे गेले त्यांचा हात मी कधीच बघणार नव्हतो.

मग एक दिवस आईसमोर ओटीवर मांडी घालून बसलो आणि विचारलं, ‘‘तुला काय हवंय?’’ हा प्रश्न मी तिला तोवर विचारलाच नव्हता. ‘कशी आहे’ एवढंच विचारत आलो होतो. तिने चप्पल काढून पाय जरा पुढे केला.

‘‘हातानं अंगठा गाठला पायजे,’’ ती म्हणाली.

मी टेप काढला आणि हातापासून अंगठ्यापर्यंतचं माप घेतलं. आईच्या अंगाची सगळी मापं माझ्या वहीत होती, हे एक नव्हतं.

तिला गोलात खाली बसता यायला हवं होतं आणि उठताही. जमिनीपासून वीतभर उंच अशी बैठक, आणि तिच्याखाली कैचीसारखी उघडमीट होणारी लोखंडी चौकट. गाडीच्या डिकीला असतात तसे गॅसचे दोन पंप. बाजूची दांडी ओढली की पंप बैठकीला माणसासकट हळूहळू वर उचलतात, आई उभी राहू शकेल इतकी. ऐकायला सोपं आहे. करायला आठ महिने लागले. खरं म्हणजे तीन महिन्यांचं काम होतं. पण गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी होत्या, त्यांना तारखा दिलेल्या होत्या. आईला तारीख कोण देतो? तिचं काम रोज उद्यावर जात गेलं आणि मधल्या मधे मोगऱ्याचा एक अख्खा हंगाम ती पुन्हा त्या उंच खुर्चीत बसून बघत राहिली. खुर्चीच्या हातांच्या कडा गोल करून दिल्या होत्या, गादी लावून दिली होती. पण उंट तो उंटच.

चाचणीसाठी या वेळी मी शहाणा झालो होतो. बैठक पाचूबंदरला घेऊन गेलो. मावशी तिच्यावर दोन-दोन तास बसली, मला शिव्या घातल्या, दांडी कडक आहे म्हणाली, पाठ मागे झुकते म्हणाली. मी दुरुस्त करत गेलो. शेवटी तिने मान हलवली. ‘‘आता आयला दे,’’ म्हणाली.

पहिल्या दिवशी आई गोलात खाली उतरली तेव्हा बायकांनी सरकून तिला तिची जुनी जागा दिली. तिने पाय लांब केला, धागा भिजवला, अंगठ्यात अडकवला. बोटं पहिल्यांदा अडखळली, मग चालू लागली. काकूने तिचा पहिला गजरा हातात घेऊन दोन्हीकडून ओढून बघितला. घट्ट होता. ‘‘आल्या बाई वहिनी उंटावरून खाली,’’ काकू म्हणाली आणि तिने तो न उसवता बाजारच्या टोपलीत ठेवला. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

त्या दिवशी मी आईकडून वचन घेतलं. ‘‘काही टोचलं, रुतलं, दुखलं तर सांगायचं. माझी शपथ.’’

‘‘सांगन,’’ ती म्हणाली.

‘‘आता कशी आहे?’’

‘‘बरी हाय.’’

हे या हंगामाच्या सुरुवातीचं. नंतर रोज नऊ वाजता मी कामाला निघताना आई बायकांत बसलेली दिसायची. मला बरं वाटायचं. माझं ओझं उतरलं असं मी धरून चाललो होतो.

परवा शुक्रवारी वालीवला पोचलो तर लाइट गेलेली, संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणाले. अकराच्या सुमारास परत फिरलो. आमच्या गल्लीत केळीचे घड भरायला टेंपो आडवा लागला होता, म्हणून स्कूटर बाहेर उभी करून चालत आलो. फाटकातून ओटी दिसते. आई गोलात बसली होती, पाय लांब, अंगठ्याला धागा, काकूला काहीतरी ठासून सांगत होती. आणि तिच्या उजव्या मांडीखाली लुगड्याची जाड घडी होती. तेच जुनं लुगडं.

मी तिथेच उभा राहिलो. आत जाऊन काय म्हणणार होतो? शपथेचं काय झालं, असं विचारणार? पुन्हा ओरडणार? सांगायला लाज वाटते, पण मी काय केलं ते सांगतो. मी मागे फिरलो, स्कूटरपर्यंत गेलो आणि दोनदा हॉर्न वाजवला. घडी लपवायला तिला वेळ दिला. मग सावकाश आत गेलो.

‘‘आज लवकर?’’ आई म्हणाली. घडी कुठे दिसत नव्हती.

‘‘लाइट नाही.’’ मी चपला काढल्या. तेव्हा मला पाचूबंदरच्या मावशीचा प्रश्न आठवला. ‘‘आई, जरा उठ. मला बसायचंय.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने दांडी ओढली, बैठक तिला घेऊन वर आली, आणि ती जाऊन उंच खुर्चीत बसली. मी तिच्या जागी बसून बैठक खाली घेतली आणि पाय लांब केला. बायकांना हसू आवरेना. काकूने माझ्या अंगठ्यात धागा अडकवला. ‘‘घे, बांध आता,’’ म्हणाली.

मी बांधू लागलो. पहिली पंधरा मिनिटं काही वाटलं नाही. अर्धा तास झाला आणि उजव्या मांडीखाली कैचीचा आडवा पाइप लागायला लागला. बैठक जमिनीलगत यावी म्हणून मीच फोम इंचभर कमी केला होता. मावशी अंगाने भरलेली, तिला पाइप कळला नाही. आईच्या अंगावर मांस उरलंय कुठे? तासाभराने माझी मांडी बधिर झाली. मी उठलो नाही. आई असे किती तास बसली असेल याचा हिशेब मनात लावायला गेलो आणि सोडून दिला.

‘‘कशी हाय?’’ आईने वरून विचारलं.

‘‘टोचते,’’ मी म्हणालो. ‘‘इथे, मांडीखाली.’’

‘‘हां, तिथंच,’’ ती पटकन बोलून गेली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने साडीचा पदर उगाच सारखा केला. ‘‘जराशीच रे. होते सवय.’’

मला मान वर करवेना. हातातला गजरा मी तसाच तिच्यापुढे धरला. तासाभराचं काम, जेमतेम वीतभर, गाठी सैल, कळ्या एका बाजूला कललेल्या. तिने तो हातात घेतला तेव्हा दोन कळ्या निसटून खाली पडल्या. त्या काकूने उचलून सुपात टाकल्या. आईने गजरा या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितला.

‘‘बरा हाय,’’ ती म्हणाली आणि तिने तो केसांत माळला.